चौसष्टाव्या क्रमांकाखाली

व्यावसायिक स्नूकरमध्ये चौसष्टाव्या क्रमांकाला जे महत्त्व आहे ते कित्येकांच्या लेखी पहिल्या क्रमांकालाही नाही, असे म्हटले तर ज्यांनी हा खेळ शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहातील अंतिम सामन्यांपुरताच दूरचित्रवाणीवर पाहिला आहे, त्यांना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु जागतिक दौऱ्यावर जे सुमारे १२८ खेळाडू असतात, त्यांतील निम्म्यांचा चरितार्थ या एका आकड्याशी बांधलेला असतो. हंगामाच्या अखेरीस पहिल्या ६४ जणांत ज्याचे नाव राहिले त्याची दौऱ्यावर खेळण्याची सनद आपोआप कायम होते. ज्याची दोन वर्षांची मुदत संपली आणि नाव पासष्टावे आले, त्याला, दुसरी एखादी वाट निघाली नाही तर, क्यू स्कूल नावाच्या पात्रता-स्पर्धेत हौशी खेळाडूंच्या रांगेत पुन्हा उभे राहावे लागते, मग त्याचे वय वीस असो की चाळीस.

ही क्रमवारी २०१४-१५च्या हंगामापासून निव्वळ पैशांच्या हिशेबावर चालते. गेल्या दोन वर्षांत बक्षिसांपोटी किती पौंड जमा झाले, तेवढेच गुण. एखादी स्पर्धा पार पडली की दोन वर्षांपूर्वी त्याच स्पर्धेत मिळवलेली रक्कम वहीतून वजा होते, आणि म्हणून प्रत्येक खेळाडू समोरच्या प्रतिस्पर्ध्याशी जितका झुंजतो तितकाच दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःशीही झुंजत असतो. नवागताची वही शून्यावर उघडते आणि तिच्यात भर घालण्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत मिळते. इकडे जगज्जेत्याच्या खात्यात एका स्पर्धेतून पाच लाख पौंड पडतात, आणि पुढे त्याचे काही डाव फसले तरी ती शिल्लक त्याला सावरून धरते. तळच्या माणसाला असा आधार नसतो. कित्येक वर्षे बहुतेक स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला एक पैदेखील मिळत नसे. प्रवास, मुक्काम, जेवणखाण, सारे पदरचे. २०२२-२३च्या हंगामात प्रत्येकाला किमान वीस हजार पौंडांची हमी देण्यात आली खरी, परंतु ती पुढील बक्षिसांतून वळती होणारी उचल होती.

जॉर्डन ब्राउनची हकिकत या हिशेबाचे स्वरूप स्पष्ट करते. उत्तर आयर्लंडमधील अँट्रिमचा हा गृहस्थ एके काळी पेट्रोल पंपावर नोकरी करीत असे. २०२१च्या फेब्रुवारीत वेल्श ओपनमध्ये उतरला तेव्हा तो जगात एक्याऐंशीवा होता, आणि अंतिम सामन्यात त्याने साक्षात जगज्जेत्या रॉनी ओसुलिव्हनला नऊ-आठ असे हरवून सत्तर हजार पौंड मिळवले. इतक्या खालच्या क्रमांकावरून मानांकन-स्पर्धा जिंकण्याचा प्रकार १९९३नंतर प्रथमच घडत होता. त्या वर्षी त्र्याण्णवाव्या क्रमांकाच्या डेव्ह हॅरल्डने बँकॉकमध्ये एशियन ओपन जिंकली होती. ब्राउनच्या विजयाचे वर्णन करताना सर्वांनी चमत्कार हाच शब्द वापरला. परंतु दोन वर्षांनी, २०२३ची वेल्श ओपन आटोपताच, तेच सत्तर हजार नियमाप्रमाणे त्याच्या खात्यातून उतरले, याची वार्ता मात्र कोणी मोठ्या अक्षरांत छापली नाही.

मग या माणसांत आणि वरच्या सोळांत अंतर ते कोणते? कौशल्याचे अंतर आहेच, नाही असे नाही, परंतु लोक समजतात तेवढे ते खचित नाही. नव्वदाव्या क्रमांकाचा खेळाडू सरावाला उतरला की शंभराचे ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत शंभर गुण, नित्यनेमाने करतो. स्नूकरमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाळी चालू असताना खुर्चीत बसून पाहत राहण्यावाचून काहीही करता येत नाही, आणि त्या खुर्चीत मनात काय चालते यावर पुढचा फटका पुष्कळसा ठरतो. समजा, जो आधी चार फ्रेम (डाव) जिंकेल तो विजयी, अशा सामन्यात तीन-तीन अशी बरोबरी आहे. लांबचा एक लाल चेंडू कोपऱ्यातील पॉकेटात जाण्याजोगा आहे. गेला तर काळा चेंडू हाताशी येतो, हुकला तर पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या घोळक्याजवळ थांबून प्रतिस्पर्ध्याला सारे टेबल मोकळे होते. पहिल्या दहांतील खेळाडू तो फटका मारतो, कारण हुकला तरी त्याचे फार बिघडणार नाही. तळचा खेळाडू त्याच लाल चेंडूकडे पाहतो तेव्हा त्याला परतीचे भाडे आणि हंगामअखेर दोन्ही दिसतात, आणि तो लाल चेंडूला नुसता स्पर्श करून पांढरा चेंडू बॉकच्या, म्हणजे सुरुवातीच्या टोकाच्या, कुशनला परत नेऊन लावतो. अशा सावध फटक्यांनी सामने क्वचितच जिंकले जातात. माझ्या मते त्याच्या अपयशाचे मूळ मनगटापेक्षा वहीतच अधिक आहे.

१८७५ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी जबलपुरात सुरू केलेल्या या खेळाचे केंद्र आज इंग्लंडात आहे, आणि भारतीय खेळाडूला त्या केंद्रात जाऊन राहण्याचा वेगळा भार वाहावा लागतो. मुंबईच्या आदित्य मेहताने तो वर्षानुवर्षे वाहिला. दौऱ्यावरील टेबलांची पाटी खालून तापवलेली असते, कापड पातळ आणि जलद. मुंबईच्या दमट हवेतील जिमखान्यांची टेबले संथ, आणि एका टेबलावर बसलेला हात दुसऱ्यावर पुन्हा बसवावा लागतो. तरीही २०१३मध्ये मेहताने कोलंबियातील काली येथील जागतिक क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला हरवून तो मानांकन-स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचणारा पहिला भारतीय ठरला. चीनच्या डिंग जुनह्वीने तो सामना पाच-शून्य असा एकतर्फी जिंकला. २०१४च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील फ्यूर्थ येथे मेहताने १४७चा पूर्ण ब्रेक रचला. पंधरा लाल, प्रत्येकामागून काळा, आणि मग सहाही रंग, असे छत्तीस चेंडू एकही चूक न करता. एवढे करूनही, मानखांद्याच्या दुखण्याने ग्रासलेल्या या खेळाडूची सनद २०१६मध्ये गेली. भारताच्याच पंकज अडवाणीने तर २०१४मध्येच दौरा सोडून मायदेश जवळ केला होता.

या आर्थिक ताणाला एक काळी बाजूही आहे. २०२३मध्ये सामने विकल्याप्रकरणी दहा चिनी खेळाडूंना बंदीच्या शिक्षा झाल्या, दोघांना आजन्म. त्यांत वरच्या क्रमांकाचीही नावे होती, म्हणून सारा दोष दारिद्र्याला देणे असत्य ठरेल. तथापि ज्याला हरल्यावर फारसे काही मिळणार नाही त्याला हरण्याची किंमत देऊ करणारा मनुष्य सापडणे सोपे जाते, ही गोष्ट खेळाच्या चालकांनी नजरेआड करता कामा नये. पहिल्या फेरीत हरणाऱ्याचा प्रवास आणि मुक्काम या चालकांनी उचलीच्या रूपाने नव्हे तर हक्काच्या भत्त्याच्या रूपाने द्यावा, आणि हा खर्च विजेत्याच्या बक्षिसातून काढावा लागला तरी काढावा. त्या बक्षिसासाठी होणारी स्पर्धा अनेकदा १२८ जणांची असते, आणि त्यांतील चौसष्ट जण पहिल्याच फेरीत हरल्यावाचून ती पुढे सरकूच शकत नाही.