ऊस नोंदीचे पत्र संगणकातून कसे निघते



लागणीची नोंद झाली की आपल्या घरी कारखान्याचे पत्र येते. त्यात गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख आणि बँकेचा खाते नंबर असतो. पूर्वी शेतकी खात्याचे कारकून नोंदवहीत बघून ही पत्रे हाताने भरत. आता एका दिवसात सगळ्या गटांची पत्रे निघतात. "साहेब, एवढी पत्रं लिहितं कोण?" असे एका सभासदाने मला विचारले. लिहीत कोणीच नाही. पण पत्रात चूक कुठून शिरते हे कळायचे, तर ते निघते कसे हे माहीत पाहिजे.

संगणकात एक तक्ता असतो, त्याला एक्सेल म्हणतात. ती आपली नोंदवहीच समजा. वरच्या ओळीत रकान्यांची नावे, खाली एका ओळीत एक प्लॉट. दुसरीकडे वर्डमध्ये पत्राचा मजकूर एकदाच लिहून ठेवलेला असतो. त्यात सभासदाच्या नावाच्या जागी नाव नसते, नुसती त्या रकान्याची खूण असते. मग पत्राला तक्ता जोडून द्यायचा. याला मेल मर्ज म्हणतात. संगणक पहिली ओळ उचलतो, खुणांच्या जागी मजकूर भरतो, की एक पत्र तयार. मग दुसरी ओळ. ज्याचे तीन प्लॉट त्याला तीन पत्रे येतात ती यामुळेच. कारखाना कागद वाया घालवतो असे कृपया समजू नये.

संगणक वेगाला पक्का, पण शेतीतले त्याला काही कळत नाही. गट नंबर १२/३ टाकला की एक्सेल ती तारीख समजून १२ मार्च करून ठेवतो! आकड्यातले पहिले पंधरा अंकच तो जपतो, पुढे शून्य घालतो. म्हणजे सोळा आकडी खाते नंबराचा शेवटचा अंक गेलाच. सुरुवातीचे शून्यही गाळतो. म्हणून हे रकाने भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवावे लागतात. नंतर करून गेलेले अंक परत येत नाहीत.

सगळ्यात फसवी तारीख. तक्त्यात ०७/०८/२०२४ बरोबर दिसते, पण पत्रात उतरताना ती अमेरिकन पद्धतीने, महिना आधी आणि दिवस मागून, अशी ८/७/२०२४ होते. यात आम्ही स्वतः फसलो. एक सभासद शेजाऱ्याचे पत्र घेऊन तावातावाने ऑफिसात आले. "माझी लागण ३० जुलैची. ह्यानं माझ्यामागनं लावला, मग ह्याची ८ जुलै कशी? तोडीसाठी वशिला लावला काय?" नोंदवही काढून दाखवली. शेजाऱ्याची नोंद ७ ऑगस्टचीच होती, आणि तोडणीचा कार्यक्रम नोंदीवरून लागतो, पत्रावरून नाही. तेव्हा कुठे ते शांत झाले. त्यांचा राग चुकीचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. जुलैची आडसाली काही नवी नाही, म्हणून तपासणाऱ्यालाही खटकले नाही. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच हा घोटाळा लपतो. २५ तारीख उलटली तर लगेच दिसते, कारण पंचविसावा महिना नसतो. ती पत्रे आम्ही पुन्हा काढली. आता तारखेच्या खुणेतच मांडणी ठरवून दिली आहे आणि महिना अक्षरी छापतो.

छापलेले पत्र नंतर आपोआप सुधारत नाही. तेव्हा चूक दिसल्यास पत्रावर पेनाने खाडाखोड करून घेऊ नये. पत्र, सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन गट ऑफिसात यावे. आधी नोंद दुरुस्त होईल, मग नवे पत्र निघेल. जुने तिथेच जमा करावे.