रोहिणीची लवचिकता आणि बळकटी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचा लोंढा रोहिणीत शिरतो. त्या वेळी तिची भिंत किंचित फुगते आणि लगेच पूर्ववत होते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते, तरीही निरोगी रोहिणी फाटत नाही. लवचिकता आणि बळकटी हे परस्परविरोधी वाटणारे गुण तिच्या ठायी एकत्र कसे नांदतात?

रोहिणीच्या भिंतीतील संयोजी ऊतीत दोन प्रकारचे प्रमुख तंतू असतात. इलॅस्टिनचे तंतू सहज ताणले जातात व ताण सुटताच मूळ स्थितीत येतात. कोलॅजेनचे तंतू दोराप्रमाणे चिवट असतात. यांपैकी कोण केव्हा भार पेलतो, हे अखंड ऊतीवरून ठरविणे अवघड होते. कॅनडातील मार्गो रोच आणि अ‍ॅलन बर्टन या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये त्याचा उलगडा केला.

त्यांनी मानवी रोहिणीचे तुकडे घेतले. काहींमधील इलॅस्टिन ट्रिप्सिन या विकराच्या साहाय्याने काढून टाकले. कोलॅजेनच्या पिळदार रेणूवर या विकराचा फारसा परिणाम होत नाही. इतर तुकड्यांतील कोलॅजेन फॉर्मिक आम्लाने नाहीसे केले. इलॅस्टिन गेलेली भिंत ताठर, तर कोलॅजेन गेलेली भिंत सैल असल्याचे आढळले. यावरून असे दिसले, की कमी दाबाला मुख्यतः इलॅस्टिन तोंड देते. दाब वाढू लागला, की सैल पडलेले कोलॅजेनचे तंतू एकेक करून ताठ होतात आणि भिंतीला अधिक फुगू देत नाहीत.

पुढे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी या निष्कर्षाचे महत्त्व अधोरेखित केले. इलॅस्टिनचे विघटन करणाऱ्या विकराने रोहिण्या फुगल्या, पण फुटल्या नाहीत; कोलॅजेनचे विघटन करणाऱ्या विकराने मात्र त्या फुटल्या. रोहिणीला आलेला फुगवटा वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि एखादे वेळी अकस्मात फुटून प्राणघातक ठरतो, तो का, हे यावरून समजते.

शरीरातील बहुतेक इलॅस्टिन बालपणीच तयार होते. नंतर त्याची भरपाई जवळजवळ होत नाही. वय वाढते तसे ते झिजते, भार कोलॅजेनवर पडतो आणि रोहिण्या ताठर होत जातात. उच्च रक्तदाबामुळे ही झीज अधिक वेगाने होते. म्हणूनच रक्तदाब वेळोवेळी तपासून तो आटोक्यात ठेवणे आवश्यक आहे.