मापाचा मास्क

दिवसभर चष्मा घातला की नाकावर वळ उठतात. तिथे कातडीखाली लगेच हाड असतं. आता रात्रभर मास्क बांधून झोपणाऱ्यांचं काय होत असेल?

स्नायूंची ताकद घटवणाऱ्या ड्यूशेन किंवा एएलएससारख्या आजारात श्वासपटलही दुबळं होतं. झोपेत श्वास उथळ पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं ठणकतं. म्हणून बायपॅप यंत्र मास्कमधून हवा आत ढकलतं. मास्क सैल असेल तर हवा डोळ्यांत घुसते. पट्टे आवळले तर नाकावर जखम होते. लहान मुलांच्या चेहऱ्याची वाढही दबू शकते.

म्हणून चेहऱ्याचा त्रिमितीय स्कॅन करून त्याच मापाचा मऊ सिलिकॉनचा मास्क घडवतात. दाब एकाच हाडावर न पडता पसरतो. उच्छ्वासासाठी सहसा बारीक छिद्रं मुद्दाम ठेवतात. ज्यांना हात उचलून मास्क काढता येत नाही, त्यांना शक्यतो नाकापुरताच मास्क देतात. उलटी झाली तरी तोंड मोकळं राहतं.