भंगलेल्या देहातील मुक्ती

मातीच्या शिल्पाला भट्टीचे नियम चुकवता येत नाहीत. ओली माती वाळताना आणि भाजताना सुमारे दहा टक्के आकसते. जाड भागात ओल राहिली, तर तिची वाफ होऊन शिल्प फुटते. पुरुषभर उंचीची मानवाकृती मातीत अखंड घडवणे म्हणूनच अतिशय जोखमीचे. अमेरिकन शिल्पकार स्टीफन डी स्टेब्लर (१९३३-२०११) यांनी नेमक्या याच अडचणीतून आपली शिल्पभाषा घडवली.

प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी धर्माचा अभ्यास केला होता. पुढे बर्कली येथे त्यांना गुरू लाभले पीटर व्होल्कस. मातीकामाला भांड्यांच्या चौकटीबाहेर काढणारे. डी स्टेब्लर यांनी मातीला माणसाचे रूप दिले, पण अपुरे. निरनिराळे भाजलेले खंड एकावर एक रचून उभारलेल्या या आकृत्यांना कधी हात नसतात, तर कधी चेहरा अर्धाच असतो. चकचकीत ग्लेझचा सोसही नाही. रंग येतो तो धातूंच्या ऑक्साइडच्या भुकटीतून. उत्खननात एखादी प्राचीन देवता सापडावी, तसे हे देह.

एवढ्या मोडतोडीत मुक्ती कुठली, असे कुणी विचारील. परंतु बाहू उंचावलेला, पिळदार देहाचा नायक हे स्वातंत्र्याचे सोपे चिन्ह झाले. येथे पाय मातीच्या राशीत रुतलेले, धड दुभंगलेले. तरीही आकृती ताठ उभी असते. उत्तरायुष्यात त्यांनी ब्रॉन्झच्या मानवाकृतींना पंख दिले. तेही खंडितच.