लपविला नाही तो आवाज

एखाद्याच्या अंगी काही वेगळेपण दिसले की लोक त्याला हसतात. हसणारे हसून विसरून जातात. परंतु ज्याला ते हसतात, त्याच्या मनात ते शल्य खोल रुतून राहते. जपानमधील विख्यात अभिनेत्री नोबुयो ओयामा यांना हा अनुभव शाळकरी वयातच आला.

त्यांचा जन्म १९३३ साली टोकिओ शहरात झाला. मुलीच्या मानाने त्यांचा आवाज जाडा व घोगरा होता. माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच वर्गातील मुलांनी त्या आवाजाची टर उडविली. नोबुयो खट्टू झाली. तिने वर्गात बोलणेच सोडून दिले. ही गोष्ट आईच्या ध्यानी आल्यावाचून राहिली नाही. अधू हात किंवा पाय जपून ठेवला, तर तो अधिकच दुबळा होतो; आवाजाचेही तसेच आहे; म्हणून तो लपवू नये, उलट अधिक वापरावा, असे तिने मुलीला समजाविले. नोबुयोला ते पटले. तिने शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात नाव घातले.

पुढे त्यांनी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले. जपानमध्ये १९५३ साली दूरचित्रवाणी सुरू झाली होती. तीवर दाखविल्या जाणाऱ्या परदेशी चित्रपटांतील पात्रांच्या तोंडी जपानी भाषा घालणारे कलावंत हवे असत. अशा कलावंताला जपानीत 'सेइयू' म्हणतात. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. हाती संवादांचे कागद, समोर पडदा आणि तोंडापुढे ध्वनिक्षेपक. पात्राचे ओठ हलताच बोलायचे, ते मिटताच थांबायचे. मुद्रा, वेश, हातवारे यांपैकी कशाचेही साहाय्य नाही. राग, लोभ, हसू, आसू सारे केवळ आवाजातून उभे करायचे. ओयामाबाईंनी १९५७ साली या कामास प्रारंभ केला. खट्याळ मुलांच्या भूमिका त्यांच्याकडे येऊ लागल्या. शाळेत जो दोष ठरला होता, तोच येथे गुण ठरला.

एप्रिल १९७९ मध्ये 'डोरेमॉन' ही चित्रमालिका सुरू झाली. फुजिको एफ. फुजिओ यांच्या चित्रकथेतील हे निळे यांत्रिक मांजर भविष्यकाळातून येऊन नोबिता नावाच्या मुलाला मदत करते. त्याला वाणी देण्याचे काम ओयामाबाईंकडे आले. मुलांच्या सांभाळासाठी घडविलेले यंत्र अपशब्द कसे उच्चारील, असा विचार करून त्यांनी डोरेमॉनच्या तोंडी सौम्य व सभ्य भाषा ठेवली. तो आवाज ऐकून, डोरेमॉनचा आवाज असा असतो हे आपल्याला आता कळले, असे खुद्द फुजिओ म्हणाले.

ही भूमिका त्यांनी २६ वर्षे केली आणि २००५ साली ती नव्या पिढीच्या हाती सोपविली. २०२४ साली, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या आवाजाला एकेकाळी एक वर्ग हसला होता, त्याच आवाजाची जपानमधील घरोघरची मुले दर आठवड्याला वाट पाहत असत.