पोटात गुबारा धरतो तेव्हा

पोटात गुबारा धरणे हे दुखणे घरोघरी परिचयाचे आहे. हरभरा, वाटाणा, राजमा यांतील रॅफिनोजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवितात व त्यांतून हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड इत्यादी वायू निर्माण होतात. म्हणून कडधान्ये रात्रभर भिजवावीत व ते पाणी टाकून देऊन शिजवावीत. दूध बाधत असल्यास दही घेऊन पाहावे. सावकाश जेवावे, नंतर शतपावली करावी.

परंतु ५० वर्षांपुढील स्त्रीचे पोट नव्यानेच वारंवार फुगू लागले, दोन घासांतच भरू लागले, तर ओवा-हिंगावर विसंबून राहू नये. क्वचित ते अंडाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असते. डॉक्टरांकडून त्वरित तपासणी करून घ्यावी. सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या गृहिणीचे दुखणेही बहुधा शेवटीच ध्यानात येते. येथे तो विलंब परवडणारा नाही.