गिनीपिग मादीचे वंध्यीकरण आणि साहचर्य
गिनीपिग हा समूहप्रिय प्राणी असल्याने स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी त्यास एकटे ठेवण्यास मनाई केली आहे. तथापि सोबती आणण्यापूर्वी मादीचे वंध्यीकरण करावे काय, हे सोबत्याच्या लिंगावर अवलंबून आहे. सोबती मादी असल्यास गर्भधारणेचा प्रश्नच उद्भवत नाही. नर असल्यास मात्र धोका गंभीर होय. सुमारे सात-आठ महिन्यांपर्यंत न व्यालेल्या मादीचा जघनास्थींचा सांधा घट्ट होऊन पुढील प्रसूती प्राणघातक ठरू शकते. परंतु मादीच्या शस्त्रक्रियेत उदरपोकळी उघडावी लागते. नराचे खच्चीकरण त्यामानाने सुलभ असते. म्हणून नराचे खच्चीकरण करून, शिल्लक शुक्रपेशी निघून जाईपर्यंत, त्यास सुमारे सहा आठवडे वेगळे ठेवणे इष्ट. उतारवयात अंडाशयाच्या पुटी आढळल्यास मात्र मादीची शस्त्रक्रिया उपचार म्हणून समर्थनीय ठरते.